शहाऐंशी टक्के ढेकूण

एक कबुली आधीच देऊन टाकतो, म्हणजे ज्यांना पान उलटायचं असेल त्यांचा वेळ वाचेल. मला ‘स्टारशिप ट्रूपर्स’ हा सिनेमा आवडतो. ‘त्या काळाच्या मानानं बरा’ असा नाही, ‘तांत्रिकदृष्ट्या उल्लेखनीय’ असाही नाही. रविवारी दुपारी मटण झाल्यावर लोळत पाहताना अजून तिथंच हसतो, अजून तिथंच ओरडतो, आणि बायको अजून आतून विचारते, ‘पुन्हा ते झुरळांचं लावलंय का?’

झुरळं नव्हेत, किडे. म्हशीएवढे.

पॉल व्हरहोवेन या डच दिग्दर्शकानं हॉलिवूडमध्ये जाऊन १९९७ साली हा सिनेमा काढला. गोष्ट पोस्टकार्डावर लिहून खाली ‘थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद’ला जागा उरेल. भविष्यकाळ आहे. सगळ्या पृथ्वीवर एकच सरकार आहे आणि सैन्यात नोकरी करेल त्यालाच मत द्यायचा हक्क आहे. लांबच्या कुठल्याशा ग्रहावर किडे आहेत. तिथून एक दगड येतो, नेमका ब्युनोस आयर्सवर पडतो, शहर बेचिराख होतं, आणि नुकती शाळा संपवलेली देखणी पोरं बंदुका घेऊन निघतात. पोरं किडे मारतात, किडे पोरं मारतात. प्रेमाचा त्रिकोण म्हणावा तर त्यात चार जण आहेत. नायक जॉनी रिको हा ब्युनोस आयर्सचा म्हणे. दिसतो टूथपेस्टच्या खोक्यावरून सोलून काढल्यासारखा. अभिनयात माणसांपेक्षा किडे उजवे, आणि हे मी एकटाच म्हणत नाही. ऑस्करचं नामांकन मिळालं ते फक्त दृश्यकरामतींना. बक्षीस ‘टायटॅनिक’नं नेलं. त्या वर्षी हाताला लागेल ते ‘टायटॅनिक’च नेत होतं.

मी तो पहिल्यांदा पाहिला आपल्याच गावात, तिकिटावर औरंगाबाद छापलेलं असायचं तेव्हा. टॉकीजचं नाव सांगत नाही. ती केव्हाच बंद पडली, पण तिथल्या ढेकणांचे वारस शहरात कुठंतरी नांदत असणारच, आणि हल्ली कुणाच्या भावना कशानं दुखावतील याचा नेम नाही.

मॉर्निंग शो होता. सिनेमा हिंदीत डब केलेला. प्रिंट इतकी गावं हिंडून आली होती की अवकाशात चांदण्यांपेक्षा ओरखडे जास्त. सैन्यातला सार्जंट मेरठच्या हवालदारासारखा बोलायचा आणि नायिका दूरदर्शनवरच्या जुन्या निवेदिकेसारखी. पब्लिक दोन तऱ्हांचं: सैन्यातली पोरंपोरी एकत्र आंघोळ करतात अशी कुजबूज ऐकून आलेलं, आणि कॉलेज बुडवून आलेलं. मी दोन्हींत मोडत होतो. ती आंघोळ आली आणि गेली, मांडी बदलायच्या आत. मागून एकजण कळवळून म्हणाला, ‘साबन तो लगाने देते रे!’

मग ते क्लेंडाथू नावाच्या ग्रहावर उतरतात. रात्र, निळा उजेड, सगळीकडं खडक आणि धूळ. पडद्यावर पहिला किडा आला आणि माझ्या मांडीखाली पहिला ढेकूण, दोन्ही एकाच क्षणी.

खुर्ची फाटक्या रेक्झिनची. आतला काथ्या बाहेर आलेला आणि त्या काथ्यात यांची वसाहत. अनुभवी प्रेक्षक खुर्चीच्या कडेला टेकून बसायचे, जास्त अनुभवी खाली वर्तमानपत्र घालायचे. आम्ही नवे रंगरूट, ऐसपैस टेकून बसलेलो. आज मॉलमध्ये खुर्ची हलवण्याचे आणि तोंडावर पाण्याचे तुषार उडवण्याचे वेगळे पैसे घेतात. आमच्या टॉकीजनं ही सोय फर्स्ट क्लासच्या तिकिटातच केली होती. पडद्यावर किडा सैनिकाच्या पायाला धरतोय आणि इकडं पोटरीला चावा बसतोय, इतकी एकरूपता पुढं कुठल्याही कलाकृतीशी झाली नाही.

सिनेमात एक सैनिकी माहितीपट आहे. त्यात सांगतात की किड्याचा एखादा पाय तोडला तरी तो ८६ टक्के लढण्याजोगा राहतो, म्हणून नेम मज्जातंतूवर धरावा. हे ८६ कुठून आलं ते व्हरहोवेनला ठाऊक. पण ढेकणाच्या बाबतीत आकडा बरोबर आहे. दोन बोटांत चिरडला म्हणून सोडावा, तर तो सावकाश काथ्याकडं चालू लागतो, थोडा तिरका, एवढंच. आमचं पब्लिक हा माहितीपट लागायच्या आधीपासून तज्ज्ञ होतं. ‘अरे पाँव पे नक्को मार रे! मुंडी पे मार, मुंडी पे!’ असा आवाज आला, आणि तो पडद्यावरच्या शिपायाला होता की शेजारच्या मित्राला, हे अखेरपर्यंत कळलं नाही. फटाफट आवाज येत होते, त्यांत टाळ्या किती आणि मांड्यांवरच्या चापट्या किती, कोण मोजणार?

घरी गेल्यावर आईनं अंगणातच थांबवलं. अंगावरचे कपडे बादलीत, बादलीत बंबाचं उकळतं पाणी, आणि मी दगडावर, शेजारच्या गच्चीवरून दोन बायका बघत असताना. पडद्यावरची आंघोळ पाहायला गेलो होतो. ही लांबलचक होती आणि साबणही होता.

आता कुणी म्हणेल, परग्रहावरचा दगड, जमिनीखालचे राक्षस, हे सगळं परदेशी. अहो, लोणार आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. तसला दगड आपल्याकडं मनुष्यवस्तीच्या आधीच येऊन पडलाय, बसाल्टला पावणेदोन किलोमीटरचा खळगा पाडून. ब्युनोस आयर्सवर पडला तर लोकांनी युद्ध पुकारलं. आपण तळं केलं, काठावर देवळं बांधली, अभयारण्याची पाटी लावली आणि २०२० साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत नावही घातलं. शिवाय गोष्ट तयार: लवणासुर नावाचा दैत्य तिथं जमिनीखाली राहायचा, विष्णूनं त्याला हुडकून मारला, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ. बिळात राहणारा राक्षस आणि त्याच्या मागावर बिळात शिरणारा नायक. व्हरहोवेनच्या सिनेमाचा शेवटचा अर्धा तास हाच आहे. फरक इतकाच की आपल्या देवळातलं कोरीवकाम त्याच्या संवादांपेक्षा पुष्कळ सरस आहे.

तर असा हा सिनेमा. पण मधल्या काळात त्याचं भलतंच झालं. तो मोठा झाला.

जानेवारीत अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, प्रोझोन मॉलमध्ये. मी जातो. गळ्यात ओळखपत्र अडकवून रांगेत उभं राहिलं की आपणही कुणीतरी आहोत असं वाटतं. तिथं आमचे एक प्राध्यापक स्नेही भेटतात. गेल्या खेपेला बोलता बोलता माझ्या तोंडून ‘स्टारशिप ट्रूपर्स’ निघून गेलं. मला वाटलं, आता ओळख विसरतील. उलट त्यांचे डोळे लकाकले.

‘तुम्ही तो उपहास म्हणूनच पाहता ना?’ डॉक्टर पथ्याबद्दल विचारतात त्या आवाजात त्यांनी विचारलं.

‘पाहतो की. पण आधी किडे म्हणून पाहतो.’

‘सुरुवातीलाच नाझी प्रचारपटांतली, रीफेन्श्टालची चौकट उचललीय, लक्षात आलं?’

‘आलं. पण तो ढुंगणातून तोफ डागणारा किडा तुमच्या लक्षात आला का?’

त्यांनी रांगेत पुढंमागं पाहिलं. ‘हसलात?’ मी विचारलं. ‘अस्वस्थ झालो,’ ते म्हणाले.

त्यांचं चुकत नाही म्हणा. मूळ कादंबरी रॉबर्ट हाइनलाइनची, १९५९ ची. हाइनलाइन अमेरिकेच्या नौदलातून आलेला. लष्कर, शिस्त, कर्तव्य, सगळं त्यानं मनापासून लिहिलेलं. व्हरहोवेननं ती वाचायला घेतली, दोन प्रकरणांत कंटाळला आणि ठेवून दिली. हे त्यानंच सांगितलंय. (पुस्तक न वाचता त्यावर बोलणाऱ्या माणसाला आपल्याकडं परिसंवादात अध्यक्ष करतात, हॉलिवूडनं त्याला दहा कोटी डॉलर दिले.) त्याचं लहानपण हेगमध्ये गेलं, जर्मनांच्या ताब्यातल्या. घराजवळ जर्मनांचे रॉकेटतळ, म्हणून दोस्तांचे बॉम्ब तिथंच पडणार. रस्त्यावरचा गणवेश त्यानं मुलाच्या उंचीवरून पाहिलाय. म्हणून त्यानं हाइनलाइनचं शहाणंसुरतं लष्कर उचललं, नाझींच्या शिंप्याकडं नेलं आणि आत जाहिरातीतल्यासारखी गोरीगोमटी पोरं भरली. अमेरिकेतल्या काही समीक्षकांना विनोद कळला नाही; त्यांनी सिनेमालाच फॅसिस्ट ठरवलं. आता पंचवीसहून जास्त वर्षांनी सगळ्यांना कळलाय. इतका कळलाय की कुणी हसतच नाही.

माझं भांडण इथं आहे. आपल्याकडं मजा करायला दाखला लागतो. सिनेमा ‘वरवर बाष्कळ पण आतून गंभीर’ असेल तर पाहायला हरकत नाही; आतबाहेर बाष्कळ असेल तर खिडकी लावून पाहावा. १९६७ साली ‘चाँद पर चढाई’मध्ये दारासिंग चंद्रावर जाऊन परग्रहवाल्यांशी मारामारी करून आला, त्याला अजून कुणी दाखला दिलेला नाही, म्हणून तो कुठल्या महोत्सवात नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून. का, तर मोठ्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये. आमचं नेमकं उलट. आम्हाला मोठं नाव लागतं ते बारकं सुख लपवायला. ‘किडे मारताना बघतो’ म्हणायचं नाही, ‘व्हरहोवेन बघतो’ म्हणायचं.

आणि गंमत अशी की व्हरहोवेनचा चिमटा बसतो तो टाळी वाजवणाऱ्यालाच. हाताची घडी घालून, पहिल्या चौकटीपासून संदर्भ मोजत बसलेल्याला तो कुठं काढणार? प्राध्यापकांना सगळं आधीच कळलं होतं, त्यामुळं त्यांचं काहीच झालं नाही. आमच्या मॉर्निंग शोचं झालं. शेवटी किड्यांचा म्होरक्या पकडतात. लठ्ठ, सुरकुतलेला, मेंदू शोषून घेणारा. नायकाचा मित्र पुढं येतो, त्या लिबलिबीत अंगावर हात ठेवतो, डोळे मिटतो आणि जाहीर करतो की हा घाबरलाय. सगळं सैन्य नाचायला लागतं. आम्हीही लागलो. मी बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. त्या मित्राच्या अंगावर पायघोळ काळा कोट आहे, थेट गेस्टापोच्या कपाटातून काढल्यासारखा, हे मला पुढं दहाएक वर्षांनी टीव्हीवर पाहताना दिसलं. एवढा कोट समोर असून दिसला नव्हता. शिट्टी मारताना डोळे बारीक होतात.

सिनेमात मधून मधून सरकारी बातम्या आणि जाहिराती येतात. शिपाई लहान पोरांना गोळ्या वाटतात आणि बंदूक हाताळायला देतात. पोरं फुटपाथवर झुरळं तुडवतात, युद्धाला हातभार म्हणून, आणि एक बाई शेजारी उभी राहून टाळ्या पिटत खिदळते. ती बाई मला फार आवडायची. हल्ली जरा कमी आवडते. २०२५ च्या मे महिन्यात, पाकिस्तानशी संघर्ष चालू होता तेव्हा, चार रात्री ती आमच्या दिवाणखान्यात बसली होती, बातम्या सांगत. काही वाहिन्यांनी रात्री बेचिराख केलेलं बंदर सकाळी जागच्या जागी असायचं. आणि सायरन! साडेदहाला भोंगा वाजला की आम्ही आधी गॅलरीत जाऊन आकाश पाहायचो, मग रिमोट शोधायचो. शेवटी नागरी संरक्षणवाल्यांना वाहिन्यांना सांगावं लागलं की बाबांनो, कार्यक्रमात हा आवाज वाजवू नका, खरा वाजला तर लोकांना कळणार कसा? व्हरहोवेनला हे सुचलं नव्हतं. त्याच्या सिनेमातल्या बातम्यांना निदान पार्श्वसंगीत बरं आहे.

पण या सिनेमाची मी ऐकलेली सर्वांत पक्की समीक्षा ना महोत्सवातली, ना टॉकीजमधली. ती कन्नड तालुक्यातली, ताईच्या घरची. थंडी पडायला लागली होती, रब्बीचा मका गुडघ्याएवढा. जेवणं झाल्यावर भाच्यानं टीव्हीला मोबाईल जोडला आणि म्हणाला, ‘मामा, तुमचे किडे लावू का?’ दाजी दिवाणावर अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसले होते. दाजींना सिनेमाचं वावडं नाही; फक्त ते कुठलाही सिनेमा पंचनाम्याला आल्यासारखे पाहतात.

पहिल्या लढाईत पाच-सहा जणांनी गोल करून एकाच किड्यावर मिनिटभर गोळ्या झाडल्या. अडकित्ता थांबला.

‘एका किड्याला एवढा माल? परवडंल व्हय?’

‘दाजी, सरकारी खर्च आहे.’

‘मंग बरोबर हाय.’

थोड्या वेळानं पुन्हा: ‘अंडी कुठं घालतेत हे?’

मी गप्प. खरं म्हणजे सिनेमातल्या कुठल्याही सेनापतीला हा प्रश्न वेळेवर पडलेला नाही. तासाभरात एक लाख सैनिक मरतात, मग जुना सरसेनापती राजीनामा देतो, मग नवी बाई येऊन भाषण करते की किड्याशी लढायचं तर आधी किडा समजून घ्यायला हवा. मी हे दाजींना सांगितलं.

‘लाख गेल्यावर?’ दाजी म्हणाले. ‘आमच्याकडं बी सल्ला असाच येतो. मका झोपल्यावर.’

आणि उठून त्यांनी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून काडेपेटी आणली. औषधाच्या दुकानात दाखवायला म्हणून सकाळी मक्याच्या पोंग्यातून काढून ठेवलेली अळी. टीव्हीच्या उजेडात त्यांनी पेटी अर्धी सरकवली. बोटाच्या दोन पेरांएवढी, मळकट तपकिरी, डोक्यावर उलटा इंग्रजी ‘वाय’, शेपटाकडं चौकोनात चार ठिपके. गणवेशच म्हणा ना. ‘एकच का आणली?’ मी विचारलं. ‘दोन ठिवल्या तर एक दुसरीला खाती.’

ही अळी आपल्या देशात २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. मादी पानावर शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते, वरून आपल्याच अंगाची लव पांघरते. अळी पोंग्यात शिरून बसते, वर भुशासारखी विष्ठा साचते, म्हणजे फवारा वरच्या वर राहतो आणि बाई आत जेवत असतात. पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. कन्नडहून निघाला तर सिल्लोड ओलांडून भोकरदनला मुक्काम. आणि नाव काय, तर अमेरिकन लष्करी अळी. हॉलिवूडनं दहा कोटी डॉलर घालून देखणं लष्कर किड्यांवर सोडलं. आमच्या मक्यात किडाच अमेरिकन आणि किडाच लष्कर.

दाजींनी पेटी टीव्हीपुढच्या फळीवर ठेवली आणि पुन्हा पडद्याकडं वळले. एका शिपायाचे उभे दोन तुकडे होत होते.

‘ह्यांच्या अंगावर काय हाय?’

चांगला प्रश्न. हाइनलाइनच्या कादंबरीत प्रत्येक शिपायाला यांत्रिक चिलखत आहे, उड्या मारणारं, शस्त्रं बसवलेलं. सिनेमात ते गाळलं. पोरांच्या अंगावर आहे ते मोटारसायकलवाल्याच्या गुडघापट्टीचं थोरलं भावंड. किड्याची नांगी त्यातून पापडातून सुई जावी तशी जाते. मी म्हणालो, ‘पुस्तकात चिलखत होतं, दाजी. इथं नाही दिलं.’

‘कागदावर होतं म्हना की.’ दाजींनी सुपारी तोंडात टाकली. ‘यवतमाळकडं गेले ना फवारताना. त्यांच्या बी तोंडाला काही नव्हतं.’

ते २०१७. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. पाठीवर पंप, पीक डोक्याएवढं वाढलेलं, औषध वाऱ्यानं उलटून अंगावर.

आतून ताई म्हणाली, ‘तुम्ही तरी कुठं बांधता?’

दाजी सुपारी चघळत राहिले.

मग तो तटबंदीचा प्रसंग आला. ओसाड ग्रहावरची चौकी, भिंतीमागं मूठभर शिपाई, आणि चारी बाजूंनी किडेच किडे. एकमेकांच्या प्रेतांवर पाय देत वर चढताहेत. सिनेमातली माझी सर्वांत लाडकी दहा मिनिटं. भाचा दिवाणावरून खाली सरकला होता. दाजी मात्र नाराज.

‘ही काय भिंत हाय? देवगिरीचा कडा बघा, सगळा डोंगर तासून उभा केलाय. मुंगी सरळ चढत न्हाई.’

‘किडे जमिनीखालून येतात, दाजी.’

‘येऊ द्या की. गडाच्या अंधारीतून, त्या भुयारातून येतील. वाटाड्या सोबत असून आपन चुकतो तिथं. वटवाघळाच्या वासानंच निम्मे माघारी फिरतील.’

याला उत्तर नव्हतं. यादवांच्या कारागिरांनी त्या किल्ल्यासाठी जो विचार केला, तो या सिनेमातल्या अख्ख्या पृथ्वीच्या सरकारनं केलेला नाही. खंदक नाही, अंधारी नाही, वरून तेल ओतायची सोय नाही. नुसतं धावायचं आणि ओरडायचं.

शेवट आला. म्होरक्या किड्याला जाळ्यात बांधून ओढून आणलं. काळा कोट पुढं झाला, हात ठेवला, डोळे मिटले, घोषणा केली. सैन्य नाचू लागलं.

‘कोन भ्यालं म्हनला?’

‘किडा.’

‘ह्यो हात लावून सांगायलाय?’ दाजी पहिल्यांदाच हसले, तंबाखूनं काळे झालेले दात दिसेपर्यंत. ‘माझ्या काडेपेटीला लावा म्हनावं हात.’

तेवढ्यात गल्लीतून हाक आली, थ्री फेज आली. मक्याला पाणी द्यायचं होतं. दाजींनी गमबूट चढवले, कपाळाला बॅटरीचा पट्टा आवळला, कोपऱ्यातली काठी घेतली. दारात वळले तेव्हा कपाळावरचा झोत थेट माझ्या डोळ्यांत आला आणि चेहरा दिसेना, नुसता उजेड आणि खाली बूट. ‘अंडी सापडली का तेवढं सकाळी सांगा,’ म्हणाले आणि अंधारात उतरले.

भाच्यानं मोबाईल हातात घेतला. ‘मामा, तो ढुंगणातून आग सोडणारा परत लावू?’

‘लाव की.’

त्यानं मागं ओढून लावला. निळ्याशार रात्री डोंगराएवढा किडा पार्श्वभाग आभाळाकडं करून उभा राहिला, आणि आम्ही दोघं हसायला सुरुवात करणार तेवढ्यात ताई पाण्याचा तांब्या ठेवायला फळीपाशी आली आणि थबकली.

काडेपेटी उघडी होती. आत काही नव्हतं.

पुढची पंधरा मिनिटं टीव्हीवर काय चाललं होतं ते आम्ही पाहिलं नाही. मी आणि भाचा दिवाणाखाली पोटावर पडलेलो, मोबाईलचा उजेड भिंतीच्या कडेकडेनं फिरवत. मधेच गादीच्या कोपऱ्यात काहीतरी वळवळलं, भाच्यानं चप्पल उगारली, आणि वरून ताई ओरडली, ‘शेपटावर नको रे, मुंडीवर मार, मुंडीवर!’